गुप्त पान

शशिकलाबाई वझलवार निवृत्त झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, पण नवं पुस्तक हाती आलं की नाव वाचायच्या आधी सत्तेचाळिसावं पान उघडायची त्यांची खोड काही गेली नव्हती. खोड कसली, नोकरीच होती ती त्यांची! पिपलानीच्या टाउनशिपमध्ये कारखान्याचं संदर्भ ग्रंथालय होतं तेव्हा येणाऱ्या प्रत्येक ग्रंथावर त्या दोन शिक्के मारत. एक पहिल्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असा, आणि दुसरा आतल्या गुप्त पानावर. हे पान प्रत्येक ग्रंथपाल आपापलं ठरवतो आणि सहसा कुणाला सांगत नाही. चोरानं पुठ्ठा काढू दे, नावाचं पान फाडू दे, ग्रंथ कुणाचा ते त्या पानावरून कळतंच. बाईंनी आपलं पान नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. दिगंबररावांनी लग्नानंतर वर्षभर लाडीगोडी लावून पाहिली आणि मग नाद सोडला.

आता त्या ग्रंथालयाला कुलूप होतं, नवराबायको जवळच सोनागिरीतल्या स्वतःच्या घरात राहत होते आणि मुलगा जयंत पुण्याला होता. आईचा वेळ जावा म्हणून त्यानं टॅबलेट घेऊन दिला, आणि त्यावर बाईंना कोशांचं एक ऑनलाइन ग्रंथालय सापडलं. दर महिन्याच्या एक तारखेला तिथे ‘नवी भर’ या मथळ्याखाली नवे कोश चढत. आणि कसले कसले कोश! विहिरींचा, विणकामाचा, जुन्या वजनमापांचा. एक तारखेची सकाळ म्हणजे बाईंचा सणच. दिगंबरराव स्कूटर काढून पोहे-जिलेबी आणायला जात, आणि बाई चष्मा पुसून ‘नवी भर’ उघडून बसत.

मे महिन्याच्या एक तारखेला त्यांनी एका जुन्या धातुकोशाचं सत्तेचाळिसावं पान उघडलं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात त्यांना आपला शिक्का दिसला. लंबगोल, जांभळा, आत ग्रंथाचा दाखल क्रमांक, खाली पुसट तारीख आणि शेजारी त्यांची तिरकी सही, नुसता ‘श’. बाई हरखल्या. म्हणजे आपलीच प्रत फिरत फिरत कुठे पोचली आणि तिचे फोटो काढून कुणी इथे चढवले! दिगंबरराव पुडा घेऊन आत येतात न येतात तोच त्यांनी टॅबलेट पुढे धरला.

“अहो, बघा, माझा शिक्का.”

दिगंबररावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “हो, दिसतोय की. अरे वा!” असं म्हणून ते ताटल्या काढायला गेले.

तो ‘अरे वा’ बाईंना खटकला. लहान मुलानं रेघोट्या ओढून ‘हा हत्ती’ म्हटलं की आपण ज्या सुरात ‘वा’ म्हणतो, तोच तो सूर होता. यांना खरंच शिक्का दिसला की नाही, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं, पण त्यांनी विचारलं नाही.

न विचारण्याला कारण होतं. बाईंची आई शेवटी शेवटी घरातल्या प्रत्येकावर संशय घ्यायची. सून बांगड्या चोरते, मुलगा दुधात काहीतरी कालवतो, एक ना दोन! पुढे तिची माणसं पुसली गेली, मग गाव पुसलं गेलं, आणि एके दिवशी ती स्वतःचं नावही विसरली. अमरावतीच्या माहेरी खाटेवर बसून ती शशिकलाबाईंना विचारायची, “बाई, मी कोणाची?” त्या प्रश्नाची बाईंना अजून भीती वाटे. दुसऱ्या कशाचंही भय नव्हतं त्यांना, फक्त असं व्हायला नको होतं. त्यात दिगंबररावांना हल्ली नवीच सवय लागली होती. गॅस चालू राहिला की, “भूल गई ना, शशी?” आणि मग काळजीनं पाहत राहायचं.

जूनमध्ये शिक्का पुन्हा दिसला. या खेपेला कोश पक्ष्यांचा होता, आणि सुरुवातीलाच संपादकांनी लिहिलं होतं की हा कोश कागदावर कधी छापलेलाच नाही, तो थेट संगणकावरच तयार झाला. छापलेलाच नाही, तर शिक्का मारला कशावर? बाईंनी पान मोठं करून पाहिलं. शिक्क्याखालची तारीख त्याच दिवसाची होती.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. बाईंनी स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढली. ग्रंथालय बंद झालं तेव्हा निकामी म्हणून दिलेला शिक्का त्यात रुमालात बांधून ठेवला होता. रुमालाची गाठ जशीच्या तशी होती. पण रबर ओलं होतं. बाईंचा अंगठा जांभळा झाला.

दिगंबरराव फिरून आले तेव्हा त्यांचीही बोटं जांभळी होती.

“हे काय?”

“जामुन. टाउनशिपच्या रस्त्यावर नुसता सडा पडलाय. तुझ्यासाठी पण आणलेत.” त्यांनी खिशातून पुडी काढली.

“माळ्यावरच्या पेटीला हात लावला होता का तुम्ही?”

“मला काय मतलब त्या डब्ब्याशी?” ते हसले, आणि मग हसणं थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिले. “शशी, जयंतशी बोलू का मी?”

“कशाबद्दल?”

“असंच.”

आता बाईंनी कानाला खडा लावला. नवऱ्यापुढे ब्र काढायचा नाही. हा माणूस आपल्याला वेडी ठरवून पुण्याला नेऊन टाकायला बघतोय, हे त्यांना दिवसाउजेडी स्पष्ट दिसू लागलं. चहा टाकताना, भाजी निवडताना त्या डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवू लागल्या. आणि मधूनच हात थांबे. आईसुद्धा अशीच नजर ठेवायची.

पण बाई कच्च्या गुरूची चेली नव्हत्या. चोरावर संशय आला की ग्रंथपाल काय करतो? गुप्त पान बदलतो. पाट्यावर चटणी वाटता वाटता त्यांनी मनातल्या मनात नवं पान ठरवलं, एकशे बारा. कुठे लिहिलं नाही, पुटपुटल्यासुद्धा नाहीत. आता बघू, कोण कुठे शिक्का मारतो ते.

जुलैच्या एक तारखेला त्यांनी रागांच्या कोशाचं सत्तेचाळिसावं पान उघडलं. ते स्वच्छ होतं. बाईंना इतका आनंद झाला की पोहे आणायला निघालेल्या दिगंबररावांना त्यांनी जिलेबी जास्त आणा म्हणून सांगितलं. पेटीचं विचारल्यावर शिक्के थांबले, म्हणजे नवरा तर नवरा, सापडला चोर! मग नुसती खात्री म्हणून त्यांनी एकशे बारावं पान काढलं.

खाली डाव्या कोपऱ्यात शिक्का होता. शाई अजून वाळायची होती, असं वाटलं. शेजारी तिरका ‘श’.

दिगंबरराव परतले तेव्हा बाई टॅबलेट पालथा घालून बसल्या होत्या. त्या दिवशी जिलेबीला कुणी हात लावला नाही. नवऱ्यावरचा संशय फिटला होता, पण त्या सुटकेचं करायचं काय, हे त्यांना कळेना. ते पान जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

महिना कसाबसा सरत आला. ‘नवी भर’ उघडायचीच नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं. पाठ धरली होती म्हणून एका दुपारी त्या पलंगावर पालथ्या पडल्या आणि दिगंबरराव बाम चोळायला बसले. हात जुनाच होता, ओळखीचा. इतके दिवस या माणसाला आपण चोर समजलो, म्हणून बाईंना भरून आलं.

“जयंत येतोय, एक तारखेला,” दिगंबरराव हळूच म्हणाले. “पुण्याला एका डॉक्टरला दाखवून येऊ. मैं हूँ ना साथ में.”

तेवढ्यात पाठीवरचा हात मध्येच थांबला. मग बोटाचं टोक एकाच जागी फिरू लागलं, आधी हळू, मग जोर लावून.

“काय झालं?”

“काही नाही. शाई लागलीये कुठली तरी.” ते पदराचं टोक ओलं करून घासू लागले. “निघत नाहीये.”

बाई उठल्या. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून त्यांनी हातातला छोटा आरसा समोर धरला. दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथे आपला हात कधीच पोचत नाही तिथे, तो होता. लंबगोल, जांभळा. आत रागांच्या कोशाच्या लगेच पुढचा दाखल क्रमांक, खाली येत्या एक तारखेची तारीख, आणि शेजारी त्यांची स्वतःची तिरकी सही.

दिगंबरराव साबण आणायला धावले. बाईंनी त्यांना थांबवलं.

“राहू द्या हो,” त्या आरसा न हलवता म्हणाल्या. “उद्या मी नाव विसरले, तर कुणाची ते इथे कळेल.”