लाल तारेच्या टोकाला

मी एक जुनं टर्मिनल आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी जीव मुठीत मावेल एवढाच. गाडीचं बॉनेट उघडलं की एका कोपऱ्यात चौकोनी बॅटरी दिसते. तिच्या डोक्यावर शिशाचे दोन आखूड खुंट असतात आणि प्रत्येक खुंटाला एक कडं घट्ट धरून बसलेलं असतं. त्यातलं लाल तारेच्या टोकाचं कडं म्हणजे मी. काळ्या तारेच्या टोकाला माझा जोडीदार. बॅटरीतली वीज आम्हा दोघांमधून वाट काढते, तेव्हाच गाडी जागी होते. आमचं काम एवढंच, धरून ठेवायचं आणि सोडायचं नाही.

वितळलेलं शिसं साच्यात ओतून मला घडवलं. साच्यातून बाहेर काढल्यावर कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एक बारीक कंगोरा त्यांच्या अंगठ्याला टोचला, तो त्यांनी कानशीने घासून काढला आणि पुन्हा अंगठा फिरवून पाहिला. त्या बाईंचा चेहरा मला आठवत नाही, पण अंगठा आठवतो. त्या दिवशी त्यांनी कंटाळा केला असता, तर पुढची एकवीस वर्षं मी खुंटावर नीट बसलोच नसतो.

ती एकवीस वर्षं मी एका घड्याळजींच्या गाडीत काढली. त्यांचं छोटं दुकान होतं आणि केसासारख्या बारीक कमानी चिमट्याने उचलणारा उजवा हात होता. तोच हात महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, दहा नंबरचा पाना घेऊन माझ्याकडे यायचा. ते डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून माझ्याकडे बघत. शेजारी हसायचे, म्हणायचे, गाडीची नाडी बघणं चाललंय. घड्याळजी मनावर घेत नसत. मी हलतोय का ते बघायचे, कुठे पांढरा कण दिसला तर पुसून घ्यायचे आणि शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात माझ्यावरून फिरवायचे. त्यांच्या राज्यात चार बॅटऱ्या आल्या आणि आपलं आयुष्य संपवून गेल्या. मी मात्र कायम होतो.

त्यांच्या पत्नी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत. मुलांनी त्यांचं नाव प्रयोगबाई पाडलं होतं, आणि मीही त्यांना तसंच म्हणतो. त्यांना गाडी चालवता येत होती, परवानाही होता. पण शेजारच्या सीटवर घड्याळजी बसले की क्लच सोड, ब्रेक दाब, आरसा बघ, असा अखंड पाढा सुरू व्हायचा. मला त्या गाडीत येऊन दीडेक वर्ष झालं असताना एकदा भर चौकात बाईंनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. त्या म्हणाल्या, "घ्या. तुमची गाडी आणि तुमचंच तोंड." त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बॉनेटला तर घड्याळजी त्यांना हात लावूच देत नसत. आत ॲसिड असतं, असं ते सांगायचे. ज्या बाईंचा सगळा जन्म ॲसिडच्या बाटल्या भरण्यात गेला, त्यांना!

मग एक दिवस दुकानात घड्याळजींच्या हातातून चिमटा गळून पडला. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागू लागलं, आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांमधून एकच शब्द मागे उरला, तो म्हणजे "नको". चहा देऊ का? नको. खिडकी उघडू? नको. कधी त्यांना 'हो' म्हणायचं असलं तरी तोंडातून 'नको'च निघायचं, आणि मग ते स्वतःवरच चिडून मान फिरवायचे.

नदीपलीकडे बोलणं शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी आठवड्यातून तीनदा बोलावलं होतं. पहिले काही महिने सोन्यासारखे असतात, ते वाया घालवू नका, असं बजावलं होतं. बाईंनी शाळेतून रजा काढली आणि भाड्याच्या गाडीने खेपा सुरू केल्या. घड्याळजींना गाडीत बसायला दहा मिनिटं लागत. मागच्या गाड्या भोंगे वाजवत, चालक घड्याळाकडे बघत. एका सकाळी चालक वैतागून म्हणाला की अशा माणसाला घरीच ठेवावं. त्यानंतर ताईंकडे जायची वेळ झाली की घड्याळजी डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरून ठेवायचे. पाच आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत.

इकडे माझीही दशा झाली होती. पाच महिन्यांत बॉनेट कुणी उघडलं नव्हतं. बॅटरीतून ॲसिडची अगदी सूक्ष्म वाफ झिरपत असते. रोज पुसलं नाही तरी चालतं, पण महिनोन्‌महिने दुर्लक्ष झालं की ती खायला उठते. आधी माझ्या कडेला पांढरी भुकटी जमली, मग माझ्या शेपटीतल्या तांब्याच्या तारांवर निळसर-हिरवे थर चढले. त्या भुकटीतून वीज जाईना. मी खुंटाला धरून होतो, पण मधे परकं काहीतरी येऊन बसलं होतं. हाताला हात लागलेला असूनही स्पर्श कळू नये, तसं.

घड्याळजींचा भाचा आला, त्याने किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज झाला आणि पुढे शांतता. तो भला मुलगा होता, पण घाईचा. मामी, उभी गाडी कुजते, विकून टाकू, रविवारी एक माणूस बघायला आणतो, असं तो म्हणाला. बाई थकल्या होत्या. त्यांनी होकार दिला. निदान सुरू होईल एवढी तरी करून ठेवावी, म्हणून त्यांनी शुक्रवारी गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक बोलावला.

मेकॅनिकने एका नजरेत सांगितलं की बॅटरीचे दिवस भरलेत. मी खुंटावर चिकटून बसलो होतो, निघेना. त्याला त्या दिवशी आणखी तीन गाड्या बघायच्या होत्या. त्याने माझ्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि हातोडीचा एक घाव घातला. माझ्या अंगातून कळ गेली. दुसऱ्या घावासाठी हातोडी उचलली गेली आणि तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. घड्याळजी घराच्या तीन पायऱ्या उतरून, पाय ओढत, एकटेच येत होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. "नको," ते म्हणाले, आणि काठी मडगार्डवर आपटून पुन्हा म्हणाले, "नको, नको."

"काका, मग तुम्हीच बसवा," मेकॅनिक म्हणाला. तो रागावला नव्हता, पण हत्यारं गोळा करून निघून गेला.

आता गाडीपाशी दोघंच उरले. एकाला सगळं ठाऊक होतं, पण हात चालत नव्हता. दुसरीचे हात धडधाकट होते, पण तिने आत कधी बघितलं नव्हतं. बाई वाकल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघता बघता त्यांना हसू फुटलं.

"अहो, हे तर मोरचूद! ॲसिडने तांबं खाल्लंय, दुसरं काय? मी दरवर्षी मुलांना करून दाखवते. मला वाटायचं, तुम्ही या झाकणाखाली काय ब्रह्मांड लपवून ठेवलंय."

त्या घरात गेल्या आणि डोळ्यांवर प्रयोगशाळेतला चष्मा, हातात रबरी मोजे, किटलीत गरम पाणी, खायच्या सोड्याचा डबा आणि एक जुना दातांचा ब्रश, असा जामानिमा घेऊन परतल्या. घड्याळजींसाठी खुर्ची आणली. मग दहा नंबरचा पाना उचलून त्यांनी थेट माझ्यावर लावला.

"नको."

"आता काय नको?" बाईंचा आवाज चढला. पाच महिने तो एकच शब्द ऐकून त्यांचे कान किटले होते.

घड्याळजींनी डावा हात माझ्या जोडीदाराकडे केला. त्यांचे ओठ हलले. "का..." एवढंच आलं आणि अडलं. बोलणं शिकवणाऱ्या ताईंनी बाईंना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. पण बाईंना ते कधी जमलं नव्हतं. नवरा धडपडताना बघवायचं नाही, म्हणून त्या झटकन शब्द देऊन मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी मात्र त्यांच्याजवळ द्यायला शब्दच नव्हता. त्यांना उत्तर खरंच माहीत नव्हतं. पाना हवेत धरून त्या थांबल्या. कपाळावरचा घाम चष्म्यापर्यंत ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"का... ळी," घड्याळजी म्हणाले.

"काळी? काळी तार आधी?"

"काळी."

पाच महिन्यांतला तो पहिला नवा शब्द होता, आणि तो अगदी मोक्याचा होता. लाल तार आधी सोडायला गेलं आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. काळी आधी सोडली की ती भीती राहत नाही. बाईंनी माझ्या जोडीदाराचा नट सोडवला, मग माझा. मी चिकटलो होतो तिथे त्यांनी गरम पाणी सोडलं आणि मला डावं-उजवं हलवत हलवत, जराही न ठोकता, वर काढलं. मग माझ्यावर सोड्याचं पाणी पडलं. मित्रांनो, काय फेस आला म्हणून सांगू! पाच महिन्यांचं मळभ फसफसत उतरलं आणि खालून माझं शिसं उजळलं. बाई ब्रशने कानाकोपरा घासत होत्या, आणि घड्याळजी खुर्चीतून मान पुढे काढून, कुठे राहिलं ते बोटाने दाखवत होते. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवून, कोरडं पुसून त्यांनी मला फडक्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाई सामानाच्या ढकलगाडीतून जुनी बॅटरी दुकानात घेऊन गेल्या आणि नवी आणली. जुनीतलं शिसं वितळवून पुन्हा कामी येतं, म्हणून दुकानदाराने ती ठेवून घेतली. नवी बसवताना लाल आधी आणि काळी शेवटी, उलटा क्रम. बाईंना तो आता कळला होता, तरी त्या मुद्दाम विचारत राहिल्या, आणि घड्याळजी दर वेळी उत्तर देत राहिले. नट आवळून, मी हलत नाही ना ते बघून, बाईंनी माझ्यावर जेलीचा हात फिरवला. तो पूर्वीचा हात नव्हता, पण नेमका होता.

रविवारी सकाळी बाई स्टिअरिंगमागे बसल्या. किल्ली फिरली, माझ्यातून वीज धावली आणि इंजिन पहिल्याच हाकेला उठलं. अठरा वर्षांनंतर त्या गाडी हाकत होत्या, म्हणून पहिलं वळण जेमतेम पार पडलं. दुसऱ्या वळणावर गाडीने गचका खाल्ला.

"क्लच," शेजारून आवाज आला. "सोड."

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. घड्याळजींनी डावा हात पुढे केला. त्यांना वाटलं असणार, आता पुन्हा किल्ली हातात येते.

"बोला," बाई डोकं न उचलता म्हणाल्या. "अजून बोला. ब्रेक म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. मी चालवते, तुम्ही बोला."

घड्याळजींनी डाव्या हाताने वरच्या आरशाकडे बोट केलं. मग ते म्हणाले, "आरसा." आणि बाईंनी आरसा बघून गाडी रस्त्यावर घेतली.

भाचा गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा गाडीची जागा रिकामी होती. परत आल्यावर बाईंनी त्या गृहस्थांना पाणी दिलं, उगाच खेप पडली म्हणून माफी मागितली, आणि सोमवारपासून ताईंकडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता मागून कुणी भोंगा वाजवला तर वाजवू दे. गाडी घरची होती आणि चालकीण दहा मिनिटं थांबायला तयार होती.

त्यानंतर मी आणखी दीड वर्ष काम केलं. हातोडीच्या त्या घावाने मला बारीक चीर गेली होती, ती हळूहळू वाढली. बाईंनी माझ्या जागी नवं पितळी टर्मिनल आणलं आणि पाना उचलला. पण घड्याळजींनी तो डाव्या हाताने काढून घेतला. "मी," ते म्हणाले. पाना तीनदा खाली पडला. तिन्ही वेळा त्यांनी खुर्चीतून वाकून तो स्वतः उचलला. बाई दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभ्या होत्या. मेकॅनिकला दोन मिनिटं लागली असती, त्यांना चाळीस लागली. त्या चाळीस मिनिटांत बाईंनी एकदाही मदत केली नाही, आणि एवढी मोठी मदत मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही.

आता मी शाळेच्या प्रयोगशाळेत, मोरचुदाच्या बाटलीशेजारी असतो. धातू आणि ॲसिडचा धडा आला की प्रयोगबाई मला तुमच्या हातात देतात. माझ्या अंगावर एक निळा डाग अजून आहे. मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांनी मला घडवलं, पुसलं, वापरलं आणि वेळ आल्यावर न ठोकता सोडवलं, त्या साऱ्या हातांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना महिन्यातून एकदा बॉनेट उघडायला सांगा. पांढरं-निळं काही दिसलं तर लगेच साफ करा म्हणावं, मात्र तुम्ही एकट्याने हात लावू नका. आणि तुमच्या घरी कुणी बोलता बोलता अडलं, तर एक गोष्ट मात्र तुम्हाला एकट्यानेही करता येईल. घाईने त्यांचा शब्द पुरा करू नका. शेजारी बसा, आणि तो येईपर्यंत थांबा.