डाव्या बॅकची जागा

फुटबॉल क्लबच्या वर्धापनदिनासाठी आजवरच्या खेळाडूंमधून सर्वोत्तम संघ निवडायचं काम म्हाताऱ्या प्रशिक्षकांकडे आलं. दहा जागा पटापट भरल्या, पण डाव्या बॅकपाशी, म्हणजे डावीकडच्या बचावपटूच्या जागेपाशी, घोडं अडलं. तिथे त्यांचे थोरले भाऊ, दादा, खेळायचे. दादा मागे भिंतीसारखे उभे राहायचे, पण पुढे म्हणून जायचे नाहीत. प्रशिक्षकांना तर आक्रमक खेळ मांडायचा होता आणि त्याला सतत वर धावणारा बॅक हवा होता.

"दादांना वगळलंत तर ते आपल्या घराची पायरी चढणार नाहीत," बायको म्हणाली.

कार्यक्रमाला दादा कडक इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. प्रशिक्षकांनी मैदान आखलेल्या फळ्यावर एकेक करून नावांच्या चकत्या लावल्या. शेवटी डावीकडे त्यांनी दुसऱ्याच खेळाडूची चकती लावली. मागे वळून बघायचा धीर होईना. एक खुर्ची सरकली आणि दादा फळ्यापाशी आले.

"हा वर गेला की मागे कोण?"

"मधल्या फळीतला मागे सरकेल," प्रशिक्षक चाचरत म्हणाले.

"तो कसला सरकतोय! जन्मात कधी मागे धावलाय का तो?" दादांनी त्याच्याऐवजी मधल्या फळीतल्या दुसऱ्या खेळाडूची चकती खाली बचावाकडे ओढली. मग हळूच म्हणाले, "मला घेतलं नाहीस ते बरोबरच आहे. पण लेका, आधी सांगायचंस तरी. सकाळपासून आभाराचं भाषण पाठ करतोय."

प्रशिक्षकांनी माईक दादांच्या हातात दिला.