गाळलेल्या वाक्यांची लांबी

समितीसमोर बोललेलं एखादं वाक्य हातांनी सांगायचं माझ्याकडून राहिलं, की ती खोली एक हात लांब व्हायची. हे मला साक्षीच्या पहिल्या अर्ध्या तासातच समजलं. त्याआधी कुणी तसं सांगितलं नव्हतं. पत्रात फक्त वेळ, ठिकाण आणि ओळखपत्र सोबत आणावं एवढीच सूचना होती.

ठिकाण म्हणजे जिल्ह्याच्या गावचं विश्रामगृह. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांना दवाखान्यात, कचेरीत, पोलीस ठाण्यात दुभाषी कसा मिळावा याचा अभ्यास करायला विधिमंडळानं एक समिती नेमली होती, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेत होती. मी सांकेतिक भाषेची दुभाषी. आमच्या कामाला दोघं लागतात. वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते, नाहीतर बोलणारा पुढे निघून जातो आणि बोटं मागे राहतात. पण सगळ्या जिल्ह्यात आम्ही दोघंच, आणि दुसऱ्याला त्याच दिवशी न्यायालयाचं बोलावणं होतं. समितीचे सचिव कुलथे फोनवर म्हणाले होते की शालनताई, एवढ्या वेळेपुरतं तुम्ही एकट्यांनी निभावून न्या.

अकरा वाजता बसलो तेव्हा खोली अठरा हात होती. एका टोकाला हिरव्या कापडाचं लांब टेबल, त्यामागे पाच सदस्य आणि मधोमध अध्यक्ष देशमाने. दुसऱ्या टोकाला खुर्चीवर केरबा पांचाळ. साठीचा सुतार, जन्मापासून बहिरा, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पालथे ठेवलेले हात. बाकीचे साक्षीदार बाहेर व्हरांड्यात बाकांवर बसले होते. मी टेबलाजवळ, केरबांकडे तोंड करून उभी राहिले.

सुरुवातीला गळाली ती साधी वाक्यं. एका सदस्यानं खानसाम्याला बिनसाखरेचा चहा सांगितला, दुसऱ्यानं त्याच वेळी आपल्या मतदारसंघातल्या पुलाचं काहीतरी काढलं, आणि अध्यक्ष केरबांना गाव विचारत होते. मी गाव तेवढं विचारलं. चहा आणि पूल राहून गेले. केरबांची खुर्ची दोन हात मागे गेली. ती सरकली नाही. मधे फरशी वाढली. वाढलेल्या भिंतींनाही तसाच चुना लागलेला होता आणि उजवीकडे एक नवी खिडकी आली होती.

कुलथेंनी मान वर करून पाहिलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं: खोली वीस हात. मग खानसाम्याला आणखी एक सतरंजी आणायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले की आता हवा बरी खेळते आहे.

बारा वाजेपर्यंत खोली चाळीस हातांवर गेली. मी मोठ्या खुणा करू लागले, कोपरापासून हात उचलून, रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशा. व्हरांडा केव्हाच आत आला होता. त्यातले बाक आता भिंतीला लागून होते आणि साक्षीदार त्यांच्यावर तसेच बसून होते. पहिल्या खिडकीतून विश्रामगृहाचं आवार दिसत होतं. शेवटच्या खिडकीतून उसाचं रान दिसत होतं, आणि त्या गावात ऊस होत नाही.

मग केरबांनी आपलं सांगितलं. दुभाष्यानं "ते म्हणतात" असं म्हणायचं नसतं. त्यांचा मी तो माझा मी. म्हणून मी खड्या आवाजात म्हणाले की माझी बायको चंद्रभागा, तीही जन्माची बहिरी. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात फार दुखायला लागलं. मी तिला मोठ्या गावी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी शहाळं आणायला खाली उतरलो. परत आलो तर खाट मोकळी. चादरसुद्धा बदललेली. मी नर्सला हातानं विचारलं, इथली बाई कुठे. तिनं एक बोट वर केलं. समोर जिना होता. मी जिना चढलो. वरच्या मजल्यावर सगळ्या खाटा पाहिल्या, मग बाकावर बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी पहारेकरी आला आणि मला हाताला धरून तळघरात घेऊन गेला.

एवढं बोलून मी थांबले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, आणि त्याच सुरात त्यांनी विचारलं, "पण बोट वर केलं याचा अर्थ एवढंही कळू नये माणसाला? ऐकू येत नाही ते सोडा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून तरी आपलं माणूस गेल्याचं समजतं की नाही?"

मी केरबांकडे पाहिलं आणि हातांनी विचारलं: साहेब म्हणतात, तुम्हाला तेव्हा फार त्रास झाला का?

खोली एक हात वाढली नाही. ती निघाली. फरशीमागून फरशी, खिडकीमागून खिडकी, धरणाचं दार उघडल्यावर कालव्यात पाणी धावतं तशी. गाळलेल्या वाक्याला एक हात लागत होता, पण मी एक वाक्य गाळून तिथे माझ्या पदरचं दुसरं घातलं होतं, आणि त्याचा हिशेब वेगळा होता. थांबली तेव्हा केरबा तिळाएवढे दिसत होते.

हे मला नवीन नव्हतं. माझे आईवडील दोघेही बहिरे. मी नऊ वर्षांची असताना डॉक्टर माझ्याकडे वाकून म्हणाले होते की बाळ, आईला सांग, बाबांचे आता दोन-चार दिवसच राहिलेत. मी आईला सांगितलं की बाबा मंगळवारी घरी येणार आहेत. आईनं त्यांचे दोन सदरे धुऊन ठेवले. तेव्हाही आमचं स्वयंपाकघर लांब झालं होतं. आई शेगडीपाशी, मी उंबऱ्यावर. बहिरी माणसं हाक मारायला जमिनीवर पाय आपटतात. आईनं पाय आपटला की तो हादरा माझ्या तळव्यांपर्यंत यायला त्या दिवसापासून वेळ लागू लागला. तिनं मला कधी काही विचारलं नाही. आमची भांडणं, माझं लग्न, तिचं आजारपण, सगळं आम्ही त्याच अंतरावरून केलं.

आता केरबांनी पाय उचलून आपटलेला दिसला. हादरा आला तेव्हा माझे नऊ आकडे मोजून झाले होते.

"साहेब, साक्षीदार बोलावताहेत," मी म्हणाले.

"जाऊन या," अध्यक्ष म्हणाले. "समिती पाच वाजेपर्यंत आहे."

मी चालत निघाले. सतरंज्या संपल्या, मग नुसती फरशी लागली. वाटेत भिंतीकडेच्या बाकांवर साक्षीदार होते, दोन बाकांमध्ये आता एका शेताएवढं अंतर. कर्णबधिर शाळेतली शिवणशिक्षिका अंबिका नाईकवाडे, स्वतःही बहिरी, मला ओळखत होती. तिनं मान हलवली. खिडक्यांतून आधी ऊस, मग एक अनोळखी बसथांबा, मग नदी दिसली. पोहोचायला दोन तास तरी लागले असावेत.

केरबा रागावलेले नव्हते. त्यांनी हातांनी विचारलं, "काय गाळलंस?"

मी काही नाही म्हणून हात हलवला. पायाखालची फरशी लगेच एक हात वाढली आणि त्यांनी ते पाहिलं.

"त्याचं तोंड बराच वेळ हललं," ते म्हणाले. "तुझे हात लवकर थांबले. माझ्यासाठी काही लहान करू नकोस. लहान केलेलंच आजवर देतात मला सगळे."

मी त्यांना अध्यक्षांचा प्रश्न शब्दाला शब्द सांगितला. "एवढंही कळू नये माणसाला" हे सांगताना माझी बोटं अडली, पण मी ते सांगितलं. मग चहा सांगितला, पूल सांगितला, तोपर्यंतचं आठवेल ते सगळं. खोली मात्र मागे आली नाही. ती वाढायची थांबली, एवढंच.

केरबांनी खुर्ची वळवून माझ्यासमोर केली. मग म्हणाले, "कळलं होतं मला. बोट वर गेलं तेव्हाच कळलं. तरी जिना चढलो. बोट दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे. कुणीतरी येईल, समोर बसेल आणि नीट सांगेल म्हणून थांबलो. कुणी आलं नाही."

मी म्हटलं, हे मी साहेबांना सांगते.

"हे नको सांगूस. त्यांना कळलं काय, न कळलं काय. दुसरं सांग." त्यांनी हात आणखी वर घेतले. "तळघरात तिच्या मनगटांवर पट्टीचे वळ होते. दोन्ही हात बांधले होते. सलाइनची सुई निघत होती म्हणून, असं नंतर कागदावर लिहून दिलं मला. म्हणजे ती हात हलवत होती. शेवटी ती काहीतरी बोलत होती. कुणीतरी ते पाहिलं आहे. समितीला म्हणावं, त्या माणसाला शोधा. त्याला काही समजायला नको. हात कसे हलत होते तेवढं त्यानं करून दाखवावं. वाचीन मी."

मी परत फिरले. ऊन खिडक्यांतून तिरपं आत आलं होतं. टेबल दिसत नव्हतं, नुसती एक हिरवी रेघ होती, तीही मधेच पुसली जायची. पाच वाजायला किती वेळ आहे ते मला माहीत नव्हतं. मी पळून पाहिलं. पळाल्यानं फक्त धाप लागली. अंबिकाच्या बाकापाशी पोहोचले तेव्हा पुढेही भिंती एकमेकींना टेकल्यासारख्या दिसत होत्या आणि मागेही.

"तू पोहोचणार नाहीस," अंबिका हातांनी म्हणाली. "मला सांग. मी पुढच्याला सांगते."

साक्ष अशी कुणाच्या हाती देता येत नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मग घेऊन बस," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि केरबांनी समितीला सांग म्हटलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला सांगितलं. तिनं एकदा उजळणी करून दाखवली, मग बाकावर चढून उभी राहिली आणि हात उंच केले. पुढच्या बाकावरचा माणूस उठला. त्यानं ते घेतलं आणि पाठ फिरवली. मग त्याच्या पुढची बाई उठली. व्हरांड्यात सकाळी बारा साक्षीदार होते. आता नजर पोहोचेल तिथवर माणसं उठत होती आणि त्यातली बरीच मी कधी पाहिलेली नव्हती. शब्द हातोहात गेले. त्या टोकाला हात वाचणारं कुणीच नाही, हे मला ते दिसेनासे झाल्यावर सुचलं. मी अंबिकाला सांगितलं तर ती म्हणाली की डोळे आहेत ना त्यांना.

आम्ही थांबलो. ऊन भिंतीवर चढत गेलं. कुठेतरी पाचची घंटा झाली असावी, कारण मला वाजल्यासारखं वाटलं आणि अंबिकानं हादरा आला का म्हणून तळव्यानं बाक चाचपला.

मग फार लांबवर, टेबलाच्या बाजूला, काहीतरी हललं. आधी मला वाटलं पाखरं आहेत. ते हात होते. एक माणूस आमच्याकडे वळला, त्यानं काही केलं, मग त्याच्या अलीकडची बाई वळली. उत्तर येत होतं. प्रत्येक जण वळून तेच करत होता आणि माणूस जसजसा जवळचा होत गेला तसं मला दिसू लागलं की कुणाचेही हात मोकळे नाहीत. सगळ्यांनी दोन्ही मनगटं पट्टीनं बांधल्यासारखी घट्ट एकमेकांना टेकवली होती आणि फक्त बोटं चालत होती, उघडत, मिटत, पुन्हा उघडत. अंगठा दोनदा तळव्याला लागत होता.

अंबिका माझ्याकडे वळली, मनगटं जुळवली आणि चंद्रभागेचं ते बोलणं मला दिलं.

मी आयुष्यात शिकलेल्या खुणांपैकी एकही त्यात नव्हती. मी एकही बोट गाळलं नाही, काही पदरचं घातलं नाही. बाकावर चढले, केरबांच्या दिशेला तोंड केलं, मनगटं एकमेकांवर दाबून धरली आणि सुरुवात केली.