तिसऱ्या टाकीची बिअर

“बाहेर झाडाखाली बसू, इथं लई गार हाय,” गीताबाई म्हणाल्या. पण कडुबामामांना बिअरच्या टाक्या दिसतील असंच टेबल हवं होतं. काचेपलीकडे पाच चकचकीत टाक्या उभ्या होत्या. पाचही मिळून आपल्या कंपनीतल्या एका टाकीच्या कोपऱ्यात मावतील, हे त्यांनी बसल्याबसल्या बायकोला सांगून टाकलं. गीताबाईंचं लक्ष भिंतीवरच्या मालकाच्या, म्हणजे अभयच्या, फोटोकडे होतं.

मामा चितेगावच्या बिअर कारखान्यात एकतीस वर्षं टाक्यांवर होते. पोटभर बिअर ते कधी प्यायले नाहीत. रोज सकाळी प्रत्येक टाकीतला घोटभर माल ग्लासात घ्यायचा, तळहाताने झाकायचा, हुंगायचा, तोंडात घोळवून थुंकायचा, एवढंच. पण मामांनी नाक मुरडलं की मोठे साहेबसुद्धा ती टाकी अडवून ठेवत. निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. त्यानंतर दूध नासलंय का, एवढंसुद्धा कुणी त्यांना हुंगायला दिलं नव्हतं.

आणि अभय? सोयगावहून बी.एस्सी. होऊन कारखान्यात आलेला, ग्लास नाकाशी धरला की शिंकणारा मुलगा. ग्लास मुठीत धरून कोमट कसा करायचा, हे त्याला मामांनीच शिकवलं. त्याच अभयने नोकरी सोडून पैठण रोडला ही बिअर बनवून तिथेच जेवणासोबत देणारी छोटी ब्रुअरी काढली. पेपरात फोटो आला. गीताबाईंनी तो कापून फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून मामांनी थंड पाणी सोडलं. घसा धरतो म्हणायचे. खरं म्हणजे मामा जळत होते, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आजही ते यायला तयार नव्हते. अभयने तीनदा फोन केला, चौथ्यांदा त्याची बायको करुणा घरी येऊन आमंत्रण देऊन गेली, तेव्हा मामांना वाटलं, चला, एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ. कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असणारच.

बिघडलेलं काही सापडेना. करुणाने नान आणि मटणाचा खलिया आणला. नान वातड निघावा अशी मामांची फार इच्छा होती. तो बोटांनी तुटला. चार छोट्या ग्लासांत चार तऱ्हेची बिअर आली. मामांनी एकेक घोट घेतला. चारही स्वच्छ. शेजारच्या टेबलावरचा एक सुटाबुटातला गृहस्थ अभयला “सर” म्हणाला, तेव्हा मामांना ठसका लागला. मधेच करुणा गीताबाईंना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेली. परत आल्या त्या गालातल्या गालात हसतच. मामांनी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, जेवा तुम्ही.

जेवण उरकत आलं तसा अभय स्वतः एक ग्लास घेऊन आला. काखेत एक कापडी पिशवी होती. तो मामांच्या पाया पडला आणि समोर बसला.

“मामा, ही तिसऱ्या टाकीची. अजून कुणालाच दिली नाय. तुम्ही सांगा.”

मामांनी ग्लास मुठीत धरला, तळहाताने झाकला, मग नाकाशी नेला.

लोणी. ताज्या लोण्याचा वास, डेऱ्यावरचं झाकण काढल्यासारखा. पोराने घाई केली होती. आंबणं संपल्यावर दोन दिवस थांबायचं आणि मग टाकी गार करायची. त्याने आधीच गार केली. मामांना इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. सांगायला ते तोंड उघडणार, तोच मनात आलं, सांगितलं तर हा पुढच्या वेळी सुधारणार आणि पुन्हा पेपरात येणार. नाही सांगितलं तर गिऱ्हाइकंच काय ते सांगतील.

“एक नंबर,” मामा म्हणाले. “नाव ठेवायला जागा नाय.”

अभय हसला नाही. “परत एकदा बघता का, मामा? निवांत बघा.”

मामांनी पुन्हा हुंगलं. आता ग्लास कोमट झाला होता, वास दुप्पट येत होता.

“सांगितलं ना एकदा. आता तू शिकवणार का मला?”

“नाय मामा.” अभयने ग्लास हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. “लोण्याचा वास मारतीय ही. मला वास येतोय, पण का आला तेवढं कळंना. म्हणून तुम्हाला दिली. असू द्या. वयानं होतं असं. आमच्या आजोबाला पण शेवटी कशाचाच वास येत नव्हता.”

त्याच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. दोन दिवस थांब आणि मग गार कर, एवढं वाक्य मामांच्या जिभेवर होतं. पण ते बोलायचं तर आधीचं सगळंच कबूल करावं लागलं असतं. मामांनी बडीशेप तोंडात टाकली. अभयने पायऱ्या उतरताना त्यांचा दंड धरला आणि करुणाने बोलावलेल्या रिक्षात त्यांना जपून बसवलं. पिशवी त्याच्या काखेतच राहिली.

रिक्षा सुरू झाल्यावर गीताबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “त्या पिशवीत पांढरा कोट व्हता. तुमचं नाव शिवलेला. दर मंगळवारी आन शुक्रवारी गाडी पाठवणार व्हता तो, टाक्या तपासायला. करुणानं मला दाखवला. मी बोलले नाय, म्हटलं त्याच्याच तोंडून कळू द्या.”

मामांनी दातात अडकलेली बडीशेप जिभेने काढली.

“अहो, खरंच नाय आला का वास?”

खोटारडा म्हणवून घ्यायचं की नाक गेलेला म्हातारा, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

“नाय आला,” मामा म्हणाले.

गीताबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. घराच्या वाटेवरचं चितेगाव आलं. जुन्या कंपनीच्या भिंतीपलीकडे मोड आणून वाळवलेल्या सातूचा माल्ट शिजत होता आणि कढईच्या बुडाशी किंचित लागला होता. कुणीतरी ढवळायला उशीर केला होता. गीताबाईंनी नाकाला पदर लावला.

“कसला हो हा वास?” असं विचारून त्या एकदम थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “राहू द्या. तुम्हाला कुठं येतोय.”

रिक्षाने भिंत ओलांडेपर्यंत मामांनी श्वास धरून ठेवला.