हवा कुठून निसटते

राघोने तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि ती कुठून निसटते ते ऐकायला तो इंजिनावर ओणवा झाला. सायलेन्सरच्या बाजूने काहीच आवाज नव्हता. मग ऑइलचं झाकण काढून त्याने तिथे कान नेला. आत फुसफुस चालली होती.

"धूर टर्बोमुळे नाही, काका," तो म्हणाला. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हवा खाली उतरतेय नि ऑइल वर चढून जळतंय. निळा धूर त्याचाच."

दशरथ नाचणकर हाताची घडी घालून उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, राहायला नवघरला. ही टर्बो डिझेल गाडी बारा वर्षं ते हाटकेशला राघोच्या गॅरेजातच आणत होते.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच. निहारनेच घालवली. घोडबंदरला एकशेवीसने पळवायचा."

निहार त्यांचा मुलगा. गाडीतून पहिल्यांदा निळा धूर निघाला त्याच दिवशी बापलेकांचं वाजलं. ज्याला वस्तू सांभाळता येत नाही त्याने माझ्या घरात राहू नये, असं दशरथ बोलून गेले आणि मुलाने ते खरं केलं. आठ महिने तो पुण्यात होता. राघोला हे दशरथांनीच सांगितलं होतं, एकदम नाही, थोडं थोडं.

नुसतं पळवून रिंगा इतक्या झिजत नाहीत. राघोने एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप सोडवला आणि आत बोट फिरवलं. तिथून फक्त गाळलेली हवा जायला हवी. बोटाला बारीक, करकरीत धूळ लागली.

मग त्याने फिल्टरचा डबा नीट पाहिला. डब्याची एक क्लिप तुटलेली होती. तिच्या जागी तार होती, डावीकडे वळवून पिळलेली. गॅरेजात डावखुरा एकटा राघोच. दोन वर्षांपूर्वी क्लिप मिळाली नाही म्हणून चार दिवसांपुरती त्यानेच ती बांधली होती. पुढे दर सर्व्हिसिंगला तीच सोडत आणि तीच बांधत आला. त्या बाजूने डबा नखभर उघडा राहत होता, आणि रस्त्यातल्या मेट्रोच्या कामाची सगळी धूळ तिथून आत जात होती.

त्याने बोट पँटला पुसलं. नवी क्लिप लावली, रिंगा बदलल्या, की कोणाला काही कळणार नव्हतं. दशरथ खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होते.

"काका, निहारने नाही घालवली."

"मग?"

"मी घालवली." राघोने तार दाखवली, पाइपातली धूळ दाखवली. "तो सावकाश चालवत असता, तरी हेच झालं असतं."

दशरथांनी चष्मा चढवून धूळ पाहिली. तार पाहिली. राघो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर सुरू झाला, थांबला.

"नक्की?"

"नक्की, काका."

दशरथांनी फोन काढला, नंबर शोधला आणि फोन राघोपुढे धरला.

"तूच सांग त्याला. मला नाही जमणार."

"हात काळे आहेत माझे. स्पीकरवर टाका, सांगतो."

बराच वेळ रिंग वाजली.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. "काय झालं? बरे आहात ना?"

राघोने मनात वाक्य जुळवलं होतं. तो बोलणार, तेवढ्यात दशरथांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि ते दोन पावलं बाजूला गेले.

"बरा आहे रे," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "चुकलं माझं. त्या दिवशी."

राघो कान देऊन ऐकत होता. बोलणं बरंच लांबलं. त्यात तारेचं, धुळीचं किंवा राघोचं नाव एकदाही निघालं नाही.