चिमटीचा चहा

"काका, थुंका की! गिळलात की काय?" किटलीवाली बाई हसली.

चहाच्या कंपनीत चव पारखायच्या लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग लागली होती. प्रत्येक वाटीत वेगळ्या मळ्याचा चहा. काकांनी चमच्यातला घोट फुर्र करून आत ओढला होता. तो आणखी एकदा तोंडभर घोळवला आणि पायाशी ठेवलेल्या उंच पिंपात पिचकारी मारली.

"हा माल परत पाठवा, साहेब. साबणाशेजारी पडून होता हा."

"साबण कुठून येणार? पेट्या मळ्यातून थेट आल्यात."

"निघाल्या थेट असतील. वाटेत कुठल्यातरी गोदामात मुक्काम झाला असणार. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. चहाचंही तसंच असतं, शेजाऱ्याचा गुण लागतो."

साहेबांनी वाटी नाकाशी नेली, काही कळलं नाही तरी मान हलवली. काकांच्या नाकाशी वाद घालायचा नाही, हा तिथला रिवाजच होता.

घरीही तोच रिवाज. वासाचं तेल नाही, अत्तर नाही, सकाळी कांद्याची फोडणी नाही. बाम चोळलेला माणूस तर त्या टेबलापाशी दिवसभर कुचकामी. बायकोनं सगळं निमूट पाळलं. निमूट म्हणजे तोंड बंद ठेवून नव्हे. "लोकांच्या नवऱ्यांचं नाक वर असतं, आमच्या नवऱ्याचं नाक घरभर असतं," ती शेजारणीला सांगायची. आणि त्यांना म्हणायची, "अहो, जन्मभर चहा थुंकून संसार केलात. सांगायची सोय नाही कुणाला!"

गंमत अशी, की तिच्या चहात पहिल्या दिवसापासून खोट होती. अगदी पुसट, पण होती. बामाची. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी घोट तोंडात घेताच काकांनी ओळखलं, हिनं बामाची बाटली चहाच्या डब्याशेजारी ठेवलेली दिसते. दुसऱ्या कुणाचा माल असता तर त्यांनी पेटीसकट परत पाठवला असता. पण ती दाराशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

"छान."

आज छान म्हटल्यावर उद्या वाईट कसा म्हणणार? पुढे पुढे तर घरचा चहा म्हटला की तीच चव, असं त्यांच्या जिभेनंच ठरवून टाकलं. दिवसभर ते जगाचा चहा थुंकायचे. गिळायचे तो एवढाच.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. काका स्वतःचा चहा स्वतः करायचे. चोख, निर्मळ, कुठे बोट ठेवायला जागा नाही असा. आणि अर्धा कप मोरीत ओतायचे.

त्यांना एक भीती होती. जिभेची आठवण फार टिकत नाही, हे धंद्यानं त्यांना शिकवलं होतं. एखाद्या मळ्याचा चहा वर्षभर तोंडाला लागला नाही, की पुढे तो समोर आला तरी ओळखू येत नाही. तिचा फोटो भिंतीवर होता, लुगडी कपाटात होती. ही चव मात्र कुठेच ठेवलेली नव्हती.

मग त्यांनी बाजारातून बाम आणला आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवला. काही फरक पडला नाही. झाकण सैल करून ठेवलं, तर चहा नव्हे, दवाखाना प्यायल्यासारखं झालं. बाटली वरच्या फळीवर नेली, खालच्या फळीवर आणली, डब्यामागे सरकवली. गोदामातला साबण हुडकणाऱ्या माणसाला घरातली चव सापडेना.

त्या आठवड्यात लेक माहेरपणाला आली. चहाचा डबा काढताना तिच्या हाताला बाटली लागली.

"बाबा, हा बाम इथे कशाला?"

"तुझी आई इथेच ठेवायची ना."

"इथे? काहीतरीच! आई तो लपवायची. शिवणाच्या मशिनच्या खणात, चिंध्यांच्या खाली."

"लपवायची? कुणापासून?"

"तुमच्यापासून, आणखी कुणापासून? सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकायचं तिचं. तुम्ही उठायच्या आत कपाळाला चोळायची. मग ओल्या फडक्यानं पुसायची, हात धुवायची आणि चहा ठेवायची. मला शपथच घातली होती. म्हणायची, त्यांच्या नाकाला वास लागला तर नोकरी जायची."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "चहा चमच्यानं घालायची का गं ती?"

"चमचा कसला! चिमटीनं."

इतकी वर्षं ते ती बाटली फळीवरच आहे असं धरून चालले होते. तिच्या हाताकडे बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"मला येत होता वास," ते म्हणाले. "रोज."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तिला वाईट वाटलं असतं."

लेक हसली. मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "धन्य आहात दोघंही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका लेकीच्या आधी उठले. त्या दिवशी कंपनीत नव्या हंगामाचा माल टेबलावर लागणार होता. वाट्या मांडून सगळे त्यांची वाट बघणार होते. त्यांनी बाटली उघडली. दोन बोटांवर बाम घेऊन कपाळाला चोळला, अगदी कानशिलांपर्यंत. फडकं भिजवून कपाळ पुसलं. हात धुतले. पाण्याला आधण आलं तेव्हा डब्यात हात घालून चिमटीनं चहा टाकला.

लेक उठून आली. एक घोट घेतला आणि कप हातात तसाच धरून थांबली.

काकांनी फुर्र केलं नाही. चारचौघांसारखा कप ओठाला लावला, घोट तोंडात धरला आणि सावकाश गिळला.

"कसा झालाय?" लेकीनं विचारलं.

"छान."

तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलला आणि हातानं झाकून धरला. "तुमचे साहेब आहेत. वाट्या मांडल्यात म्हणे, कधी येताय विचारतायत. काय सांगू?"

काकांनी दोन बोटं नाकाशी नेली.

"सांग, डोकं दुखतंय," ते म्हणाले, आणि पातेल्यात उरलेला चहा त्यांनी कपात गाळून घेतला.