शिवणवर्ग कुठल्या दाराने

चर्चच्या सभागृहातला शिवणवर्ग शिंपीणबाईंनी आठ महिने नेटाने चालवला. कचरा निवडण्याच्या शेडमधल्या सात बायका दर शनिवारी यायच्या. त्या चर्चच्या नव्हत्या, की चर्चच्या आळीतल्याही नव्हत्या. आपण कुंपणाबाहेर पडायला हवं, असं चर्चच्या पाळकांनीच रविवारच्या उपासनेत सांगितलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं, इतकंच.

एका शनिवारी बाई आणि त्या सातजणी आल्या, तर सभागृहाच्या पुढच्या दाराला नवं कुलूप दिसलं. शेजारी बाईंचे धाकटे दीर उभे होते. ते चर्चच्या समितीचे सचिव.

"वहिनी, वर्ग बंद नाही केलेला. फक्त या बायकांनी मागच्या दाराने यावं. लोक नाक मुरडतात."

"मुरडू देत. नाकं त्यांची आहेत."

"समितीचा ठराव आहे हो."

"मग माझाही ऐका, भाऊजी. आजचा वर्ग इथेच भरेल." बाईंनी पुढच्या पायरीवर बसकण मारली.

शेडमधली सगळ्यात उंच बाई, जिला सगळे मुकादमीण म्हणत, ती मात्र उभीच राहिली.

"उठा बाई."

"का? घाबरलात?"

"घाबरायला काय झालं? पण आम्ही मागच्या दाराने येणार नाही आणि पायरीवरही बसणार नाही. आठ महिने आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही आमच्याकडे कितीदा आलात?"

बाई एकदाही गेल्या नव्हत्या. शेड दहा मिनिटांवर होती.

त्या उठल्या. "भाऊजी, कुलूप काढा. आतली दोन मशिनं माझी आहेत."

मशिनं पुढच्याच दाराने बाहेर निघाली.

वर्ग शेडमध्ये भरू लागला. पहिल्या दिवशी बाईंनी कचऱ्याच्या वासाने नाकाला पदर लावला. दुसऱ्या शनिवारी कमी, तिसऱ्या शनिवारी विसरल्याच. चौथ्या शनिवारी पाळक आले, ओशाळलेले. मुकादमिणीने त्यांना बसायला पोतं दिलं आणि उसवायला एक चुकलेली बाही. ते तासभर मान खाली घालून उसवत राहिले.

समितीने बाईंना चर्चच्या महिला मंडळातून काढल्याचं पत्र धाडलं. बाईंनी उलट टपाली कळवलं, 'मंडळ तुमचं. उपासनेला मी येणार, आणि एकटी येणार नाही.'

त्या रविवारी शेडमधल्या चार जणी बाईंबरोबर आल्या, मधल्या बाकावर बसल्या. दोन कुटुंबं उठून गेली. दिरांनी घरी बोलणं टाकलं.

मुकादमीण काही आली नाही. "तुमच्या बाकाची मला हौस नाही," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. तोवर मी मशिनांना तेल घालते."